गायकवाडी गावात एक गुरुवार

कामरेज चार रस्त्यावरून दक्षिणेकडे जाणारी एसटी पकडली की तासा-सव्वा तासात नवसारी येते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. आम्ही एकतीस वर्षं कामरेजला राहतो आणि इतक्या वर्षांत नवसारी शेकडो वेळा पाहिली, पण रेल्वेच्या खिडकीतून. मुंबईला जाताना सुरतनंतर गाडी थांबली की हे चहाला उतरायचे, मी दारात उभी राहून "अहो, सुटली गाडी" म्हणून ओरडायची, आणि नवसारी संपायची. गावात आत शिरायचं कधी कारणच पडलं नव्हतं. ना तिथे नातेवाईक, ना डॉक्टर, ना कुणाचं लग्न.

आमची थोडी ओळख करून देते, म्हणजे पुढचं नीट कळेल. हे शहाद्याकडचे. साखर कारखान्यात केमिस्ट. १९९४ मध्ये या ऊसपट्ट्यातल्या एका कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. माझं माहेर मालेगाव तालुक्यातलं. मी सुरतेत शिक्षण समितीच्या मराठी शाळेत शिकवायची, रोज दोन बस बदलून. आता दोघंही घरी. मुलगा, सून आणि नात पुण्यात.

मुलाचं म्हणणं, आता तिकडे या. म्हणणं चूक नाही. यांचे गुडघे, माझा बीपी, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण धावणार? त्यात आमच्या रो-हाउसला चांगलं गिऱ्हाईक आलेलं. दलाल रविवारी बानाखताचे पैसे घेऊन येणार असं जवळजवळ ठरलं होतं. बानाखत म्हणजे आपल्याकडचा इसार. इतकी वर्षं इथे राहून आता मला इसार हा शब्द आठवायला क्षणभर थांबावं लागतं.

यांचं मन विकण्याकडे झुकलेलं होतं. माझं कशाकडेच नव्हतं. मी नुसती कपाटं उघडून बंद करत होते. आठवडाभर घरात त्या एकाच विषयावर बोलणं, आणि बोलणं नसेल तेव्हा त्याच विषयावर गप्प बसणं. बुधवारी रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्या नवसारीला जाऊन येऊ. दिवसभर. घराचा विषय काढायचा नाही."

"नवसारीला? काय आहे तिथे?"

"तेच बघायला."

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता. विजेच्या तारांवर फाटके पतंग अजून लटकत होते. एसटीत खिडकीची जागा मिळाली. कडोदरा, पलसाणा हा पट्टा मिलांचा, डाइंग हाउसांचा. तिथला वास तुम्हाला ठाऊकच आहे. तो मागे पडला की एकदम ऊस, आमराया, चिकूच्या वाड्या. ऊस दिसला की हे नोकरीवर हजर होतात. "हा आडसाली दिसतोय. याची तोड उशिरा लागली." रस्त्याकडेला तोडणीवाल्यांचे पडाव होते, प्लास्टिकच्या झोपड्या, बैल, चुलीचा धूर. डांगातली आणि आपल्या खान्देशातली माणसं. सीझनला कारखान्यात त्यांच्याशी हे अहिराणीत बोलायचे, आणि घरी आल्यावर तासभर तीच बोली तोंडात राहायची.

नवसारी आता मोठी झालीय. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, महानगरपालिका झाली. रस्ते, मॉल, मोबाइलची दुकानं, सगळं सगळीकडे असतं तसं. दूधिया तळावाच्या काठी जरा टेकलो, चहा घेतला आणि जुन्या गावाकडे चालत निघालो. तरोटा बाजार ओलांडून पारशी वस्तीत शिरलो आणि आवाज एकदम खाली आला. मोटरसायकलींचा गलका मागे राहिला. दोन्ही बाजूंना लाकडी कामाची बुटकी, लांबलचक घरं, पुढे ओटे, काही दारांवर मण्यांची तोरणं आणि उंबऱ्यापाशी पांढऱ्या भुकटीचे छाप. आपल्या रांगोळीची चुलत बहीणच. पत्र्याच्या डबीला भोकं पाडलेली असतात, ती जमिनीवर आपटली की मासा उमटतो, फूल उमटतं. पारशी लोक त्याला चोक म्हणतात.

दर तीन-चार घरांमागे एकाला कुलूप.

एका ओट्यावर ऐंशीच्या पुढच्या एक पारशी आजी पाय पसरून उन्हात बसल्या होत्या. आम्ही दारावरचं कोरीव काम बघत रेंगाळतोय हे त्यांनी पाहिलं आणि हाक मारली. कुठून आलात, काय शोधताय. मी गुजरातीत सांगितलं की कामरेजहून आलोय, काही शोधत नाही, नुसतं फिरतोय. माझं गुजराती चांगलं आहे असा माझा समज होता. पण आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मराठी छो ने?"

मंडळी, गुजरातेत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. त्यातला सूर आपण लगेच ओळखतो. सुरतेत कित्येकदा त्याचा अर्थ असतो, लूमवर का? घरकामाला का? मी शिक्षिका आहे म्हटलं की पुढचा चेहरा बदलतो. तसा तो बदलताना पाहायचाही कंटाळा आला होता. म्हणून मी नुसतं "हो" म्हटलं.

आजी म्हणाल्या, "तो तो गायकवाडी! आ गाम तो गायकवाडी."

मला क्षणभर कळेना. मग लख्ख आठवलं. नवसारी हा बडोदे संस्थानचा प्रांत होता. आणि नुसती नवसारीच नाही, आमचं कामरेजसुद्धा त्याच प्रांतातला एक महाल होतं. सोनगड, व्यारा, गणदेवी, पलसाणा, सगळं गायकवाडी. मी हे कुठेतरी वाचलेलं होतं, पण एखाद्याने ओट्यावर बसून, जणू शेजारच्या गल्लीची गोष्ट सांगावी तसं तोंडावर म्हणावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्या बाईच्या लेखी मराठी म्हणजे बाहेरून कामाला आलेले नव्हेत. मराठी म्हणजे तिच्या आजोबांच्या वेळचं सरकार. आता ते सरकार सगळ्यांना गोडच वाटत होतं असंही नाही. त्याआधी मराठी फौजांनी हा सगळा सुरत अठ्ठाविशीचा मुलूख चौथाईसाठी किती वेळा तुडवला ते इतिहासात आहे. आमचे शेजारी तर अजून मला चिडवतात, "तमारा शिवाजी अमारुं सुरत लूंटी गया." १६६४ आणि १६७० ही सालं त्यांना पाठ आहेत. हे शेजारी अमरेलीचे. हिऱ्याच्या कामाला १९८० नंतर सुरतेत आले. मी विचारते, काका, सुरत तुमचं कधीपासून? मग आम्ही सगळेच हसतो. कामरेजला मूळचं कोण आहे, हे शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल.

आजींनी आम्हाला बसवून घेतलं. पाणी दिलं. त्यांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता, केवढा तरी. मी म्हटलं, घर मोठं दिसतंय. त्या म्हणाल्या, या माझ्या घराच्या नाहीत. समोरचं, त्याच्या बाजूचं, आणि मागच्या गल्लीतली दोन अशा चार घरांच्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. मालक मुंबईत, एक कॅनडात. महिन्यातून एकदा त्या किंवा त्यांच्याकडची बाई दारं उघडून हवा खेळवतात, वाळवी बघतात. "चोमासा पहेलां नळियां फेरववां पडे ने!" पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस लावायचा, तेही त्यांच्याकडेच.

यांनी विचारलं, "कुणी येतं का राहायला?"

"नाताळमां आवे. बे दहाडा."

त्यात तक्रार नव्हती. दोन दिवस येतात, ही त्यांच्या मते चांगली गोष्ट होती. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या भारतात पारशी फक्त ५७,२६४ होते. एवढी माणसं तर आमच्या कामरेजच्या आजूबाजूच्या सोसायट्यांतच निघतील. त्या आकड्याकडे बघितलं की चार चाव्या एका माणसाकडे का, हे वेगळं विचारायला नको.

पुढे थोड्याच अंतरावर जमशेटजी टाटांचं जन्मघर आहे. ३ मार्च १८३९ चा जन्म. घर जपून ठेवलंय, पण आहे तेवढंच ठेवलंय, हे मला फार आवडलं. भिक्षुकी करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा, चौदाव्या वर्षी वडिलांच्या मागोमाग मुंबईला गेला आणि पुढे नागपूरला जाऊन एम्प्रेस मिल काढली, १८७७ मध्ये. हे म्हणाले, "बघ, पोटासाठी इकडचा माणूस आपल्याकडे गेला, आपण इकडे आलो. हिशेब फिटला." दादाभाई नौरोजींचं घराणंही नवसारीचंच. ते ब्रिटिश पार्लमेंटात गेले ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी १८७४ मध्ये ते बडोद्याचे दिवाण होते, मल्हारराव गायकवाडांच्या वेळी, हे फारसं कुणी सांगत नाही.

आतश बेहरामच्या बाहेर थांबलो. आत पारशी नसलेल्यांना जाता येत नाही. संजाणहून आणलेला त्यांचा पवित्र अग्नी, इराणशाह, जवळजवळ तीन शतकं नवसारीत होता. मग १७४२ मध्ये तो उदवाड्याला गेला आणि आजही तिथेच आहे. नवसारीकरांनी पुढे १७६५ मध्ये आपला वेगळा आतश बेहराम केला. एवढ्याशा गावात दोन पुरोहित घराण्यांत हक्कावरून भांडणं, त्यातून अग्नी दुसरीकडे, मग पुन्हा नवा अग्नी. आपल्या गणेश मंडळांत फूट पडते तेव्हा आपण उगीच लाजतो!

जवळच मेहरजी राणा लायब्ररी आहे, १८७२ मध्ये सुरू झालेली. अवेस्ता, पहलवी अशा भाषांतली हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. पहिले दस्तूर मेहरजी राणा अकबराच्या दरबारी गेले होते. बादशहाने त्यांना जमीन इनाम दिली, आणि त्याचं फर्मान अजून नवसारीकरांच्या अभिमानाचा विषय आहे.

चालता चालता ती दुधात साखरेची गोष्ट निघाली. तुम्हाला माहीत असेलच. संजाणच्या राण्याने काठोकाठ दुधाचा पेला पाठवला, म्हणजे इथे जागा नाही. पारशांच्या दस्तूरने त्यात साखर घालून परत पाठवला, म्हणजे आम्ही विरघळून जाऊ, सांडणार नाही. मी वर्गात ही गोष्ट नेहमी सांगायची. चाळीस वर्षं साखरेत काढलेला माणूस मात्र ती वेगळी ऐकतो.

हे म्हणाले, "लोकांना वाटतं, साखर विरघळली म्हणजे गेली. ती कुठेच जात नाही. पॅनमध्ये आटवायला घे, परत दाणा धरते."

"आणि दूध?"

"दुधाची बर्फी होते. तुला सगळं एकदम कसं मिळेल?"

यानंतर कोलांचं दुकान. लोणची आणि शिरका, १८८५ पासून. लगन-नुं-अचार म्हणजे गाजराचं गोड-आंबट लोणचं, त्यात सुकामेवा. पारशी लग्नाच्या पंगतीत ते पानात असतंच. मी ते घेत होते, आणि यांची समाधी लागली होती उसाच्या शिरक्यासमोर. उसाचा रस पिंपात महिनोन्‌महिने ठेवून आंबवतात, तो हा शिरका. आता गंमत बघा, साखर कारखान्यात आंबलेला रस म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू. ऊस तोडून दोन दिवस पडला, गव्हाणीजवळ तुंबला, की रसातली साखर फुटते, चिकट होते, पॅनवर दाणा धरत नाही. यांच्या नोकरीतली निम्मी भांडणं त्यावरून. "रस ताजा आणा" हे वाक्य मी झोपेतही ऐकलंय. आणि इथे ही मंडळी तोच रस मुद्दाम ठेवून आंबवतात, आणि शंभर वर्षांवर त्यावर घर चालवतात. यांनी बाटली उन्हात धरून रंग पाहिला, वास घेतला, दुकानातल्या माणसाला पाच-सहा प्रश्न विचारले. शेवटी दोन बाटल्या घेतल्या. आमच्याकडे शिरका कशात घालतात, मला अजून ठाऊक नाही.

जेवण एका साध्या गुजराती थाळीत उरकलं. उंधियुं बरं होतं. डाळ गोड. एकतीस वर्षं झाली तरी त्या डाळीशी माझं जमलेलं नाही.

जेवून सयाजी वैभव पुस्तकालयात गेलो. नावातच सयाजी आहे म्हटल्यावर मला जायचंच होतं. याला कारण आहे. सयाजीरावांचं जन्मगाव कवळाणे माझ्या माहेरच्या तालुक्यातलं. आमची आजी त्यांची गोष्ट अशी सांगायची की जणू परवा घडली. बडोद्याच्या गादीला मुलगा हवा होता. कवळाण्याच्या गायकवाडांची तीन पोरं नेली. कशाला आलात विचारलं तर बाकीचे गप्प, बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राजा व्हायला. हे १८७५ चं. खरं-खोटं आजीला ठाऊक, पण मालेगावकडच्या प्रत्येक घरात ही गोष्ट आहे. अक्षरओळखही धड नसलेला तो मुलगा पुढे काय करतो? १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग करतो, आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करतो. मग नुसतं वाचायला शिकवून काय उपयोग, वाचायला पुस्तकंही हवीत, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणतो आणि गावोगाव वाचनालयं काढतो. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरायच्या. अमरेलीचे आमचे शेजारी, पारशी आजी, कामरेजची जमीन आणि माझं माहेर, या सगळ्यांना बांधणारा धागा हा कवळाण्याचा पोरगा आहे. हे मला साठीत, नवसारीच्या वाचनालयात खुर्चीवर बसल्यावर एकदम समोर दिसलं.

आत मुलं अभ्यास करत होती. काही म्हातारे पेपर वाचत होते. एक मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. कुणीच बोलत नव्हतं. आम्ही अर्धा तास बसलो. यांनी गुजराती पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, भावांसकट. मी मनात माझ्या शाळेची पोरं मोजत होते. माझ्या वर्गातली किती तरी मुलं घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलायची, आणि तपासनीस आले की विचारायचे, यांची मातृभाषा कोणती लिहायची?

मुलगा म्हणतो, पुण्यात आलात की निदान मराठी तरी कानावर पडेल. त्याच्या सोसायटीत मी दोन महिने राहून आलेय. लिफ्टमध्ये हिंदी, बागेत इंग्रजी. नातीशी मराठी बोलणारी तिथे मी एकटीच होते. कामरेजला निदान भाजीवाला माझ्याशी मराठीत भांडतो. अर्थात हे मी त्या दिवशी बोलले नाही. विषय काढायचा नव्हता ना.

तीनच्या सुमाराला रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन दांडी. सोळा-सतरा किलोमीटर. जलालपोरवरून एरू चार रस्ता, तिथे कृषी विद्यापीठ, मग मटवाड आणि पुढे समुद्र. जलालपोर म्हणजे आता नवसारीचंच अंग, पण १९३० मध्ये नवसारी गायकवाडी आणि जलालपोर तालुका इंग्रजी. दांडी त्या इंग्रजी तालुक्यात, म्हणून कायदा मोडायची ती जागा. वाटेत एकाने उंबाडियुं लावलं होतं. मडक्यात पापडी, रताळी, कंद, हिरव्या पाल्यात दडपून, मडकं उलटं करून भाजायचं. कोकणातल्या मंडळींनी आपली पोपटी आठवावी, थेट बहीण. जेवून तास-दीड तास झाला असूनही आम्ही अर्धा किलो संपवलं.

दांडीयात्रेचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. १२ मार्चला साबरमतीहून निघाले, २४ दिवस चालले, ६ एप्रिलला मीठ उचललं. वाटेतली गावं फळ्यावर लिहायची: सुरत, डिंडोली, वांझ, धामण, नवसारी, विजलपोर. डिंडोली म्हटलं की वर्गात गोंधळ उडायचा. माझी निम्मी पोरं डिंडोलीची. "बाई, आमच्या डिंडोलीतून? गांधीजी? खोटं!" त्यांच्या डिंडोलीत रेल्वे फाटक, खान्देशी भेळभत्ता आणि अहिराणी गाण्यांचे डीजे. तिथून गांधीजी चालत गेले हे त्यांना पटायचंच नाही. मग पुढच्या आठवड्यात एखादा पोरगा घरी विचारून यायचा आणि छाती काढून सांगायचा, हो बाई, खरंय.

स्मारक २०१९ मध्ये झालं, ३० जानेवारीला. खाऱ्या पाण्याचं तळं, वर दोन हात जोडल्यासारखा उंच पोलादी त्रिकोण, आणि एका रांगेत चालणारे ऐंशी पुतळे, माणसाच्या उंचीचे. निघताना गांधीजींसोबत ७८ निवडलेले होते, दोघे वाटेत मिळाले. मी त्या रांगेत गाणाऱ्याचा चेहरा शोधत होते. पंडित नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, साबरमती आश्रमात संगीत शिकवायचे, यात्रेत प्रार्थना आणि भजनं तेच म्हणायचे. यात्रा निघण्याच्या थोडंच आधी आश्रमात देवीची साथ आली आणि त्यात त्यांचा लहान मुलगा गेला. तरी ते निघाले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ गायले. हे मी वर्गात कधी सांगू शकले नाही. धड्यात नव्हतं म्हणून नाही, तर बोलताना माझाच आवाज राहत नसे. तिथेही राहिला नाही. यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

खारं पाणी आटवून मीठ करून बघायची सोय आहे स्मारकात. ते पाहिल्यावर यांचा चेहरा खुलला. "इथेही पॅनच!"

सैफी व्हिला बाहेरूनच पाहिली. ५ एप्रिलची रात्र गांधीजींनी तिथे काढली. बंगला दाऊदी बोहरांच्या सय्यदनांचा होता. मग समुद्रावर गेलो. ओहोटी होती. दांडीचा किनारा सपाट, वाळू काळपट, पाणी पार लांब गेलेलं. सुरूची झाडं, उंटवाला, मक्याची कणसं, गुरुवार असल्यामुळे गर्दी नाही. चप्पल काढून एका बाकावर बसलो. ऊन उतरत होतं.

बराच वेळाने हे म्हणाले, "त्या बाईकडे चार चाव्या होत्या."

"हो."

"आपल्या गावच्या घराची भाऊकडे आहे." भाऊ म्हणजे माझे दीर. शहाद्याकडच्या घराचं आढं गेल्या पावसाळ्यात वाकलं, ते त्यांनी टेकू लावून ठेवलंय. आम्ही दिवाळीला जातो. दोन दिवस.

मी म्हटलं, "कामरेजचं विकलं तर तिथली चावी कुणाला द्यायचा प्रश्नच नाही."

म्हणायला गेले वेगळं, आणि तोंडातून निघालं ते ऐकून मीच गप्प झाले. हे काही बोलले नाहीत. कणीस घेऊन आले, लिंबू-मीठ जास्त लावून. मग म्हणाले, "पुण्यात आपण पाहुणे. सूनबाई चांगली आहे, पण पाहुणेच. इकडे मी बाहेर पडलो की चार रस्त्यापर्यंत दहा माणसं 'केम छो साहेब' म्हणतात."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघे दोन्हीकडे सारखेच दुखणार."

परतीच्या एसटीत पलसाण्याजवळ दलालाचा फोन आला. यांनी "रविवारे आवो, वात करिये" एवढंच म्हणून ठेवला आणि डोळे मिटले. मी कडेच्या गाळपाच्या ट्रका मोजत बसले.

रविवारी दलाल आला. सोबत गिऱ्हाईकही, भावनगरकडचा तरुण मुलगा आणि त्याची बायको, तिला सातवा महिना. आम्ही चहा केला, थेपले आणि लगन-नुं-अचार ठेवलं. यांनी अगदी हात जोडून सांगितलं की अजून दोन-तीन वर्षं तरी विकायचं नाही. दलालाला वाटलं भाव वाढवायचाय. त्याने आकडा वाढवला. हे म्हणाले, भावाचं नाही हो. मग काय, ते काही त्यांना गुजरातीत सांगता येईना, मला मराठीतही आलं नसतं. त्या पोरीचं तोंड उतरलेलं पाहून मला वाईट वाटलं. आमच्याच ओळीत पुढचं एक घर रिकामं आहे. मालक अमेरिकेत, चावी अमरेलीच्या काकांकडे. मी तिला हाताला धरून ते दाखवायला घेऊन गेले. काकांनी मालकाला फोन लावून दिलाय. बोलणं चालू आहे.

मुलगा रागावलाय. पुढच्या वर्षी बाजार पडला तर मग बोलू नका, म्हणाला. हे म्हणाले, पडला तर पडला, आम्ही जूनमध्ये पंधरा दिवस येतो, आंबे घेऊन. नातीने फोन ओढून घेतला आणि विचारलं, "आजी, त्या लोणच्यात मनुका असतात का?"

असतात, म्हटलं.